ब्लॉकर, मु. पो. दारव्हा

दारव्ह्यात कुठलंही काम चालू असो, त्याची खबर विचारली की एकच उत्तर मिळतं: "होऊन जाते." गवंड्याला विचारा, वेल्डरला विचारा, बिछायतवाल्याला विचारा. वरात चौकात येऊन नाचत असते, मांडवाचा निम्मा कपडा अजून टेम्पोतच असतो आणि बिछायतवाला बल्लीला टेकून, तोंडातला खर्रा या गालातून त्या गालात सरकवत म्हणतो, "होऊन जाते ना भाऊ, कायले टेन्शन घेता?" यात खोटं काहीच नसतं. होऊन खरंच जातं. फक्त केव्हा, कुणाच्या हातून आणि नवरदेव बसायच्या आधी की उठल्यावर, एवढा तपशील तो गाळतो.

मी पुण्याच्या एका आयटी कंपनीचं काम दारव्ह्यातून करतो. 2020 साली लॅपटॉप घेऊन घरी आलो, वरच्या खोलीत टेबल टाकलं आणि तिथेच राहिलो. कंपनीला वाटतं मी तात्पुरता गावी गेलोय. गावाला वाटतं मी सुट्टीवर आहे. माझा हुद्दा असा की स्वतः मी काहीच बनवत नाही. जे बनवतात त्यांच्या वाटेत जे आडवं येईल ते बाजूला करायचं, याचा मला पगार मिळतो. हे मी दादाला, म्हणजे माझ्या मोठ्या भावाला, एकदा नीट समजावून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् काही आडवं आलंच नाई तं?" तसा दिवस अजून उगवलेला नाही, त्यामुळे नोकरी शाबूत आहे.

रोज सकाळी सव्वादहाला आमचा स्टँडअप असतो. उभ्यानं घ्यायची बैठक. उभं राहिलं की माणूस कमी बोलतो, या समजुतीवर ती उभी आहे. ही समजूत ज्यानं करून घेतली त्यानं आमचा बसस्टँड पाहिलेला नाही. तिथं माणसं एक पाय जमिनीवर आणि एक मोटरसायकलच्या फूटरेस्टवर ठेवून, गाडी बंदसुद्धा न करता, सोयाबीनच्या भावापासून थेट पुतिनपर्यंत जाऊन येतात.

या पद्धतीचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो थोडक्यातच बरा आहे. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या बर्फाळ ठिकाणी, सतरा अनुभवी सॉफ्टवेअरवाले जमले. बर्फावर घसरले, जेवले, वाद घातले आणि अ‍ॅजाइलचा जाहीरनामा लिहून उठले. त्यातल्या एका कलमाचा भावार्थ असा, की आखलेल्या योजनेला चिकटून बसण्यापेक्षा बदलाला सामोरं जाणं अधिक मोलाचं. त्या सतरांपैकी केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी आधीच, 1995 मध्ये, स्क्रम नावाची पद्धत जगापुढे ठेवली होती. काम छोट्या छोट्या स्प्रिंटांत पाडायचं, स्प्रिंट महिन्यापेक्षा मोठा नको, रोज पंधरा मिनिटं भेटायचं. त्या पंधरा मिनिटांत प्रत्येकानं तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची असा पुढे रिवाज पडला: काल काय केलं, आज काय करणार, आणि आडवं काय येतंय? 2020 च्या नोव्हेंबरात स्क्रम गाइडची नवी आवृत्ती आली आणि तिच्यातून हे तीन प्रश्न काढून टाकले गेले. आमच्या टीमनं ही बातमी मनावर घेतलेली नाही. तीन प्रश्न गेले तर पंधरा मिनिटं बोलायचं कशावर?

पहिल्या दोन प्रश्नांवर माणसं भरभरून बोलतात. काल काय केलं हे सांगताना तर एखादा परवापासून सुरुवात करतो. तिसऱ्या प्रश्नाला मात्र सगळ्यांचं उत्तर ठरलेलं: "नो ब्लॉकर्स." हे बोलून झालं की माइक इतक्या चपळाईनं बंद होतो की जणू आत कुणीतरी लपलंय.

आता हा नमुना पाहा. आमच्यातल्या एका मुलाला चाचणीसाठी डेटाबेसचा अ‍ॅक्सेस हवा होता. सोमवारी तो म्हणाला, "अ‍ॅक्सेस मागितलाय. नो ब्लॉकर्स." मंगळवारी म्हणाला, "रिमाइंडर टाकलाय. नो ब्लॉकर्स." बुधवारी, "फॉलो-अप घेतोय." गुरुवारी, "फॉलो-अप चालू आहे, बाकी ऑन ट्रॅक." त्याचं बाकी असं काहीच नव्हतं. सगळं काम त्या अ‍ॅक्सेसवरच होतं. तरी तो ऑन ट्रॅक होता, कारण ट्रॅकवर उभी असलेली गाडीही ट्रॅकवरच असते.

मुलगा लबाड होता असं नाही. त्याचा हिशोब पक्का होता. ब्लॉकर म्हटलं की जिरा नावाच्या, कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या त्याच्या तिकिटावर लाल झेंडी लागते. लाल झेंडी शुक्रवारच्या अहवालात जाते. अहवाल साहेब वाचतात, निदान त्यातलं लाल तेवढं वाचतात. मग साहेब कॉलवर येतात आणि विचारतात, "हे आधी का नाही सांगितलं?" अडवलंय डेटाबेसवाल्यांनी आणि उभं केलं जातं त्याला. त्यापेक्षा फॉलो-अप बरा. त्याला रंग नसतो.

टोयोटाच्या कारखान्यात म्हणे जुळणीच्या पट्ट्याशेजारी एक दोरी लोंबत असे. कुठल्याही कामगाराला काही चुकतंय असं दिसलं की त्यानं ती ओढायची. ओढली की त्याचा वरचा माणूस धावत येतो, काय झालं बघतो, आणि ठरलेल्या वेळात निस्तरलं नाही तर सगळा पट्टा थांबतो. धावत येणारा "काय झालं?" असं विचारतो, "कुणी ओढली?" असं विचारत नाही. साऱ्या पद्धतीचा जीव त्या फरकात आहे. आमच्याकडेही दोरी आहे. ती ओढली की मीटिंग लागते. त्यामुळे ती अगदी नव्यासारखी राहिली आहे.

वर हा प्रकार चालू असताना खाली, ओसरीवर, रोज सकाळी साडेसहाला आणखी एक स्टँडअप होतो. त्याला कुणी हे नाव दिलेलं नाही. दादा असतो, सालदार असतो, वहिनी असते आणि फोनवर कुणीतरी ट्रॅक्टरवाला असतो. सगळे उभे असतात, कारण बसलं की चहा ठेवावा लागतो. जूनच्या पहिल्या आठवड्यातली, मिरग लागायच्या तोंडावरची ही एक सकाळ. दादा म्हणाला, "आज वरच्या वावरात वखर मारून टाकू." सालदार म्हणाला, "ट्रॅक्टर येत नाई. तो लोहीले गेला."

"काल तं हाव म्हने."

"काल आपन मागचे पैशे नाई देले. त्यायनं देले."

वहिनी आतून म्हणाली, "मी पाठवते पैशे. दुपारून बलावा त्याले. तवरिक धुऱ्यावरचा काडीकचरा येचून घ्या."

झालं. पांगले. मी वरून दात घासत ऐकत होतो. काय अडलं, कुणी अडवलं, का अडवलं, सुटायला काय लागेल, ते कोण करेल, केव्हा करेल आणि तोवर बाकीच्यांनी काय करायचं, एवढं सगळं चहाचं पाणी उकळायच्या आत उरकलं. कुणी फॉलो-अप हा शब्द काढला नाही. सालदारानं "आपन पैशे नाई देले" हे मालकाच्या तोंडावर सांगितलं आणि मालकानंही "आधी काहून नाई सांगतलं?" असं त्याच्यावर उलटवलं नाही. या शेवटच्या दोन गोष्टी आमच्या कंपनीत आणायच्या तर बाहेरून सल्लागार बोलवावे लागतील आणि ते तीन दिवसांची कार्यशाळा घेतील. कार्यशाळेत रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवायला लावतील, हे वेगळंच.

एवढ्यावरून शेतकरी सगळे शहाणे असा समज करून घेऊ नका. कृषी खातं दरसाल कानीकपाळी ओरडून सांगतं, की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरणी करू नका. काम हातात घ्यायच्या आधी काय काय हाताशी हवं याची यादी स्क्रमवालेही करतात आणि शेतकऱ्यांसारखेच तीही गुंडाळून ठेवतात. दारव्हा तालुक्यात पहिली सर आली, मातीचा वास सुटला की माणसाच्या हातापायाला खाज सुटते. काही जण तर पाऊस यायच्या आधीच धूळपेरणी करून मोकळे होतात. साधलं तर कपाशी सगळ्यांच्या आधी वर. नाही साधलं तर दुबार पेरणी, पुन्हा बियाण्याची बॅग, पुन्हा कृषी केंद्राच्या काउंटरवर उभं राहणं. तिथं खताच्या पोत्यासोबत नको असलेली बाटली गळ्यात पडते, तिला लिंकिंग म्हणतात. आमच्या क्षेत्रात एक सॉफ्टवेअर घेतलं की दुसरं गळ्यात पडतं, त्याला एकात्मिक सोल्यूशन म्हणतात.

पण दादाचं एक पाहून ठेवण्यासारखं आहे. तो सगळं बियाणं एका दमात मातीत घालत नाही. एक बॅग कोठीत, जुन्या पेटीमागे ठेवतो. मी विचारलं, ही कशाला? "पेरनी मोडली तं?" एवढंच म्हणाला. मोडणार अशी त्याला भीती नव्हती, मोडणार नाही असा भरवसाही नव्हता. आणि ते बोलताना आवाजात कसला सुतकीपणाही नव्हता. त्याच्या योजनेत मोडणं धरलेलंच होतं, त्याला पेटीमागे जागा होती.

आता आमचं स्प्रिंट प्लॅनिंग बघा. दोन आठवडे, दहा कामाचे दिवस. टीममध्ये जितकी माणसं त्याला दहानं गुणायचं आणि येणारा आकडा कामानं काठोकाठ भरायचा. त्या दहा दिवसांत कुणाच्या पोराला ताप येत नाही, कुणाची लाईन जात नाही, रस्ता खोदणारा जेसीबी कुणाची केबल तोडत नाही, चालू असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ऐनवेळी काही बिघडत नाही. दर स्प्रिंटला यातलं काही ना काही होतं, दर स्प्रिंटला आम्ही थक्क होतो आणि उरलेलं काम पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलतो. तोही काठोकाठ भरलेलाच असतो. थोडी जागा मोकळी ठेवू या असं मी सुचवलं होतं. साहेबांनी विचारलं, त्या जागेत काय करणार? मी म्हटलं, जे अचानक येईल ते. साहेब म्हणाले, "मग त्याचं आत्ताच तिकीट बनव ना."

अंदाज सांगायचीही दोन्हीकडे वेगवेगळी तऱ्हा. निंदण किती दिवसांत आटोपेल असं दादाला विचारलं तर तो म्हणतो, "झड नाई लागली तं चार दिवसात. लागली तं सांगता येत नाई. अन् बाया फाट्यावरच्या वावरात गेल्या तं पोयापर्यंत." ऐकणाऱ्याला यात काहीही अस्पष्ट वाटत नाही. चार दिवस कशावर अवलंबून आहेत आणि कशाकडे लक्ष ठेवायचं, दोन्ही कळलं. पाण्याकडे आणि बायांकडे. मला वाटलं आपणही असंच सांगावं. क्लायंटच्या कॉलवर मी म्हटलं, "डेटाबेसचा अ‍ॅक्सेस बुधवारपर्यंत मिळाला तर पाच दिवस. नाही मिळाला तर पाच दिवस बुधवारनंतर नव्हे, तो मिळाल्यानंतर मोजायचे." तिकडच्या बाईंनी मान डोलावली, एक्सेल उघडलं आणि रकान्यात लिहिलं: पाच दिवस. एक्सेलच्या रकान्यात 'जर' मावत नाही. तो बोलण्यातच सांडतो, आणि पुढच्या शुक्रवारी त्या पाचांवर पिवळा रंग चढतो.

अडथळे धरूनच चालणारं एक मोठं खटलं दारव्ह्यानं पिढ्यान्‌पिढ्या पाहिलंय. शकुंतला. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणारी 113 किलोमीटरची, अडीच फुटी रुळांवरची गाडी. किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीनं वऱ्हाडातला कापूस बाहेर न्यायला ही लाईन घातली. बाकीची रेल्वे देशाची झाली तरी ही मालकीनं कंपनीचीच राहिली. कापूस इथून मँचेस्टरला जायचा आणि मँचेस्टरहून एक इंजिन इकडे आलं, 1921 सालच्या बांधणीचं. 1923 पासून 15 एप्रिल 1994 पर्यंत ते वाफेवर गाडी ओढत राहिलं, मग डिझेल आलं. सत्तर वर्षं एकच इंजिन. आमच्याकडे एक फ्रेमवर्क दोन वर्षं टिकलं तर त्याला लेगसी म्हणतात आणि त्याच्याकडे बघताना नाक मुरडतात.

पण सांगायचंय ते इंजिनाचं नाही, माणसांचं. सातेक जणांचा चमू सगळं हातानं करायचा. सिग्नल तेच, तिकिटं तेच, डब्यांपासून इंजिन सोडवणं-जोडणंही तेच. फाटक आलं की गाडी थांबायची, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे सरकायची, पुन्हा थांबायची, फाटक उघडून माणूस धावत येऊन चढायचा. हे माझं काम नाही, फाटकवाल्या टीमकडे तिकीट टाका, असं म्हणायला दुसरी टीमच नव्हती. स्क्रमची पुस्तकं दहापर्यंत माणसांची टीम करा, तिच्यातच सगळी कौशल्यं असू द्या, दुसऱ्यावर अवलंबून राहू नका, असं सांगतात. तशी टीम दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनावरून रोज जायची, तासाला वीसेक किलोमीटरनं. तिच्या वेळापत्रकात फाटक अचानक येत नसे. तिथं ते होतंच, काल होतं आणि उद्याही असणार. तसं पाहिलं तर आमच्या बहुतेक ब्लॉकरांची हीच जात आहे. अ‍ॅक्सेस दर प्रोजेक्टला अडतो, दर प्रोजेक्टला त्याच दारात अडतो, आणि दर वेळी आम्ही त्याला भूकंपासारखे सामोरे जातो.

शकुंतलेचं गुणगान फार करत नाही. चाक-रुळांची डागडुजी मालक कंपनीनं करायची की भाडेकरू रेल्वेनं, या घोळात ती अशक्त होत होत दहाएक वर्षांपूर्वी बंद पडली. तो अडथळा फाटकापाशी उतरून हलवण्यातला नव्हता. दारव्ह्याला आता वाट आहे ती वर्धा-यवतमाळ-नांदेड या रुंद लाईनची. 284 किलोमीटर, 2008-09 च्या रेल्वे अर्थसंकल्पातली मंजुरी. भूसंपादन, पैसा, बोगदे, पूल या सगळ्यांतून वाट काढत तिचा वर्धा ते कळंब हा पहिला चाळीसेक किलोमीटरचा तुकडा 28 फेब्रुवारी 2024 ला सुरू झाला. पानठेल्यावर एका म्हाताऱ्यानं ती बातमी वाचली, पेपर घडी करून खाली ठेवला आणि म्हणाला, "कयंबले आली म्हनजे आलीच समजा." कळंब आणि दारव्हा यांच्यामध्ये अख्खं यवतमाळ पडतं, पण कुणी ते त्याच्या लक्षात आणून दिलं नाही. एवढं खरं की तुकड्यातुकड्यानं का होईना, एक तुकडा चालता झाला. आमच्या लोकांना हे ऐकवलं तर ते लगेच टाळ्या वाजवून म्हणतील, बघा, इन्क्रिमेंटल डिलिव्हरी.

अडथळा एकदाचा जाहीर झाला की तो दूर करायचे उपाय सुरू होतात, आणि ते फार करमणुकीचे असतात. आमच्याकडचा लाडका उपाय म्हणजे सगळ्यांना एका कॉलवर घेणं. त्याला वॉर रूम म्हणतात. वीस-बावीस माणसं असतात, त्यांपैकी एकाला प्रश्न माहीत असतो, एकाला उत्तर माहीत असतं, दोघांची गाठ पडत नाही आणि मधले सगळे दर दहा मिनिटांनी "काही अपडेट?" असं विचारतात. फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएमचं ओएस/360 बनवताना हे स्वतः भोगलं आणि 1975 मध्ये पुस्तकात लिहून ठेवलं, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसं घातली तर त्याला आणखी उशीर होतो. नव्या माणसाला समजावून सांगण्यात जुन्याचा वेळ जातो, आणि जेवढी डोकी वाढतात त्याच्या कितीतरी पट त्यांची आपसातली बोलणी वाढतात. हे पुस्तक आमच्या सगळ्या साहेबांच्या कपाटात आहे.

याबाबत गावही काही मागे नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या वावराजवळची डीपी जळाली. मोठा आवाज झाला, धूर निघाला, आणि पंधरा मिनिटांत तिथं वीसेक माणसं गोळा झाली. सगळे मान वर करून बघत होते. एक म्हणाला, "ऑइल सरलं." दुसरा म्हणाला, "लोड जास्त होता." तिसऱ्यानं खर्ऱ्याची पन्नी काढून सगळ्यांपुढे धरली. चौथ्यानं फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "डीपी जळाली." ग्रुपवर जेवढे होते त्यातले बहुतेक तिथं उभेच होते. त्यांनी एकामागून एक अंगठे टाकले. लाईनमन कुठे असतो हे ठाऊक असलेला एकच पोरगा होता. तो कुणाशी न बोलता मोटरसायकल वळवून गेला. आता तो जर आमच्या कंपनीत असता, तर जाण्याआधी त्याला कॉलवर थांबवून घेतलं असतं.

हे सगळं सांगून झालं, पण त्या डेटाबेसचं राहिलं. उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या गच्चीची वाट माझ्या खोलीतूनच जाते, त्यामुळे कुरडयांच्या दिवसांत वहिनी ताट घेऊन माझ्या स्टँडअपमधून येत-जात असते. क्लायंटनं तिला इतक्या वेळा पाहिलंय की ती एखाद्या दिवशी दिसली नाही तर विचारतात. त्या दिवशी ती ताट घेऊन दारातच थबकली.

"भाऊजी, हे पोरगं सोमवारपासून तेच सांगून रायलं."

मी माइक बंद केला. "त्याले अ‍ॅक्सेस नाई भेटून रायला, वयनी."

"कोन देत नाई?"

"डेटाबेसवाली टीम."

"टीम नाई. मानूस कोन?"

मला नाव माहीत नव्हतं. टीममध्ये कुणालाच नव्हतं. तिकीट एका सामाईक मेलबॉक्सला जात होतं.

"नाव नाई माईत, तं फोन कोनाले लावता मंग?"

"फोन नाई लावत. मेल करतो."

"मेल कोन वाचते?"

हा प्रश्न तो मेलबॉक्स उघडल्यापासून कुणी विचारला नसावा. मी माइक चालू केला आणि कॉलवर जसाच्या तसा विचारला. आधी शांतता. मग शोधाशोध सुरू झाली आणि दुपारपर्यंत उलगडा झाला. विनंती मध्ये एका मंजुरीपाशी अडली होती. मंजुरी देणारे साहेब मार्चमध्येच दुसऱ्या प्रोजेक्टवर गेले होते, त्यांच्या जागी सिस्टीममध्ये कुणाचंच नाव नव्हतं, आणि आमचे सगळे फॉलो-अप एका रिकाम्या खुर्चीला जात होते. ती मंजुरी आता कुणाकडून घ्यायची हे सांगू शकेल असा एक जण पुण्यात होता. त्याचं आडनाव मी मोठ्यानं वाचलं आणि वहिनीनं ताट खाली ठेवलं. "हे तं दिग्रसचे!"

फोन मी लावला, बोलली ती. "आमी दारव्ह्यावरून बोलतो. तुमी दिग्रसचे कोनते? ... हाव, हाव, मारुतीच्या देवयाजवयचे. मंग तुमची आत्या बोरीले देली ना?" आत्यापासून डेटाबेसवर यायला थोडा वेळ लागला, पण आली. तो भला माणूस निघाला. ज्याचा अधिकार होता त्याला त्यानं स्वतः गाठलं, रीतसर मंजुरी मिळवली, आणि चहा व्हायच्या आत मुलाचा अ‍ॅक्सेस सुरू झाला. संध्याकाळी मुलानं टीमच्या ग्रुपवर वहिनीसाठी नमस्काराच्या हातांची रांग टाकली.

स्प्रिंट संपल्यावरच्या रेट्रोमध्ये, म्हणजे मागे वळून बघायच्या बैठकीत, "काय चांगलं झालं" या रकान्यात कुणीतरी "स्टेकहोल्डर एंगेजमेंट" असं लिहिलं. साहेबांना ते इतकं आवडलं की दर प्रोजेक्टच्या सुरुवातीला असंच करा, असं त्यांनी फर्मान काढलं आणि त्यासाठी एक नवा मेलबॉक्स उघडला. मूळ तिकीट नंतर आपोआप बंद झालं. कारण लिहिलं होतं: अर्जदाराकडून प्रतिसाद नाही.

पुढच्याच आठवड्यात दिग्रसवाल्याचा फोन आला. त्याच्या सासऱ्याचं वावर आमच्या तालुक्यात आहे, सातबाऱ्यावर नाव चढायचं काम कुठल्याशा टेबलावर कधीचं अडून बसलंय, जरा वहिनींना सांगाल का? मी सांगितलं. वहिनी तुरीची डाळ पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी कायले? अडलेलं काडाचा पगार तुमाले भेटते ना?"

म्हणून ते आता माझ्याकडे आहे. दिग्रसवाल्यानं आमच्या बोर्डवर त्याचं तिकीट बनवलंय, लाल झेंडीसकट, आणि रोज सव्वादहाला, सगळ्यांचं बोलून झालं की, तो कॉलवर डोकावून विचारतो. मी सांगतो, फॉलो-अप घेतोय.